मांजरीच्या शेवटच्या मदर

माझ्यावर ज्यांचे सर्वांत जास्त उपकार आहेत त्यांचं नाव मदर युलालिया. आई-वडिलांचे उपकार मी विसरलो असं कोणी समजू नये. त्यांच्याजवळ जे होतं ते सगळं त्यांनी मला दिलं. मदरनी जे दिलं ते मात्र आमच्या घरात कोणी पाहिलंसुद्धा नव्हतं. मी करमाळ्याचा. वडील एस.टी. डेपोत गाड्या धूत. ते सही करायला शिकले आणि त्यांचं लिहिणं तिथेच थांबलं. मी बारावी झालो आणि पुण्याजवळ मांजरीला मुलींच्या एका शाळेत कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो. शाळा कॅथलिक धर्मभगिनींची होती. मदर तेव्हा मुख्याध्यापिका होत्या, सिस्टर युलालिया. पुढे त्यांच्या संस्थेने त्यांना प्रमुख म्हणून निवडलं आणि त्या मदर झाल्या. माझ्या तोंडात तेच नाव बसलं आहे.

संस्थेचं नाव मी लिहीत नाही. ते आता कुठल्याही पाटीवर नाही.

माझी मुलाखत त्यांनीच घेतली होती. माझा अर्ज समोर धरून त्यांनी विचारलं, "बारावीनंतर पुढे का शिकला नाहीत?"

"घरात कोणी शिकलेलं नाही, सिस्टर."

"मी घरातल्यांचं विचारलं नाही."

त्यांनी अर्ज बाजूला ठेवला. "नोकरी देते. पण जूनमध्ये बहिःस्थ बी.ए.ला नाव घालायचं. नाही घातलं तर जुलैत पगाराला येऊ नका."

पहिल्याच वर्षी मी इंग्रजीत नापास झालो. त्या दिसल्या की मी फायलींच्या कपाटाआड जायचो. एक दिवस त्यांनी मला कपाटाजवळच गाठलं. "अहो लोखंडे, नापास झालात, दरोडा नाही घातलात. चार वाजता स्वयंपाकघरात या." तेव्हापासून शाळा सुटली की त्या मला इंग्रजी शिकवू लागल्या. माझ्यासमोर वर्तमानपत्र, त्यांच्या मांडीवर सूप. मी वाचायचं आणि त्यांनी मटार सोलत चुका काढायच्या. मी पदवीधर झालो तेव्हा वडील त्यांना भेटायला आले, ज्वारीची पिशवी घेऊन. त्या खुर्चीवरून उठल्या आणि वडील बसेपर्यंत बसल्या नाहीत. "तुमच्या घरात पदवी आलीय," त्या म्हणाल्या. "आता तिला रिकामी बसू देऊ नका." परतीच्या गाडीत वडिलांनी रिकाम्या पिशवीची घडी घातली. मग म्हणाले, "बाई माझ्यासाठी उभ्या राहिल्या रे."

त्या उंच होत्या, नेवासे तालुक्यातल्या शेतकरी घरातल्या, हाडापेराने दणकट. अंगावर संस्थेची राखाडी साडी, खाली कॅनव्हासचे बूट, मनगटावर पुरुषी घड्याळ. बोलणं मात्र पन्नास वर्षांत पक्कं पुणेरी झालं होतं, म्हणजे थोडं आणि झोंबणारं. वसतिगृहाची भाजी आणायला त्या स्वतः मार्केट यार्डात जायच्या, टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून. "कांदा फोनवर दिसत नाही" हे त्यांचं कारण. तिथले कांद्याचे व्यापारी रफीकभाई त्यांना लांबून पाहिलं की कपाळाला हात लावायचे.

"मदर, तुमच्याशी भाव करणं म्हणजे देवाशी भांडण."

"मग देवाशीच भांडा. त्याचा तराजू तरी सरळ असतो."

रफीकभाई मोठ्याने हसायचे आणि हमालाला सांगायचे, "वरची दोन पोती नको, आतली दे. नाहीतर पुढच्या खेपेला माझीच झडती होईल."

मांजरीला तेव्हा आजूबाजूला ऊस होता. बघता बघता उसाच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि सिस्टरांच्या जागेवर लोकांचे डोळे खिळले. गावातले एक जमीनदार, त्यांना सगळे तात्या म्हणत, बिल्डरला घेऊन आले. "मदर, ही जागा सोन्याची हाय. तुम्ही म्हाताऱ्या बाया, कशाला एवढा पसारा सांभाळता?"

"सोन्याची आहे? आम्ही तीस वर्षं खणतोय, बटाटेच निघाले." आणि त्यांनी खरोखरच तात्यांना पिशवीभर बटाटे दिले. तात्या ते घेऊन गेले. पुढे कुठेही भेटले की ते मला विचारत, "मदर काय म्हणत्यात?"

पण तात्या एक गोष्ट खरी बोलले होते. त्या सगळ्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. संस्था पुण्यातच सुरू झालेली, लहान, मराठी बोलणाऱ्या मुलींची. एके काळी जेवणघरात दोन पंगती बसायच्या. मी लागलो तेव्हा एक बसायची. मदर प्रमुख झाल्या तेव्हा आठजणी उरल्या होत्या.

त्यांच्यात एक रीत होती. वयाला तिथे काही किंमत नव्हती. कोणी व्रतं आधी घेतली त्यावर मोठं-लहान ठरायचं. चॅपलमध्ये बसणं त्या क्रमाने, जेवण त्या क्रमाने, टेम्पोत चढणंसुद्धा त्याच क्रमाने. सर्वांत शेवटी आलेली ती "लहान सिस्टर". पहाटेची घंटा तिने वाजवायची, पाण्याचे जग तिने भरायचे, जेवताना बायबल तिने वाचायचं. नवी मुलगी आली की हे काम तिच्याकडे जायचं आणि आधीची मोठी व्हायची. सिस्टर मोनिकांच्या मागून कोणी आलंच नाही. त्या साठीच्या पुढे गेल्या, गुडघे गेले, तरी लहानच. एका हाताने कठडा धरून त्या घंटेचा दोर ओढायच्या.

मी एकदा मदरना म्हणालो, "सिस्टर मोनिकांना यातून मोकळं करा ना. शिपाई वाजवेल घंटा."

"आणि मोनिकाला काय सांगू? तुझ्यामागून कोणी येणार नाही, म्हणून तुला सोडलं?"

दुसऱ्या दिवशी घंटेखाली एक स्टूल आलं. एवढाच बदल त्यांनी केला.

मध्ये एक मुलगी तेवढी आली होती. नेवाशाकडचीच, नवशिष्या म्हणून, म्हणजे व्रतं घेण्याआधीची उमेदवार. तिने जग भरायला घेतले तेव्हा सिस्टर मोनिका जेवताना नुसत्या तिच्याकडे बघत बसायच्या. वर्ष सरलं आणि मुलीने मदरना सांगितलं की तिचं मन लागत नाही, तिला नर्सिंगला जायचं आहे. मदरनी तिची ट्रंक स्वतः भरली. बाजारातून एक फुलाफुलांची साडी आणवली, कारण घरचे कपडे तिला आता आखूड झाले होते. बसस्टॉपवर सोडायला त्याच गेल्या. मी बरोबर होतो. मुलगी रडत होती. मदर म्हणाल्या, "रडतेस कशाला? तू पळून नाही चाललीस, मी सोडायला आलेय." बस गेल्यावर मात्र त्या स्टॉपच्या बाकावर बसल्या. पुढची बस आली, त्यापुढची आली. मग म्हणाल्या, "लोखंडे, आता कोणी येणार नाही."

त्यानंतर बिशपांचं बोलावणं आलं. दोनच वाटा होत्या. एक एक करून जायचं आणि शेवटच्या सिस्टरने दार लावायचं, नाहीतर एखाद्या मोठ्या संस्थेत विलीन व्हायचं. दक्षिणेतली एक मोठी संस्था तयार होती. त्यांच्या प्रॉव्हिन्शियल, म्हणजे विभागाच्या प्रमुख, सिस्टर लीना मांजरीला राहून गेल्या. पन्नाशीच्या आतल्या, हसऱ्या, अंगाने बारीक. त्यांनी आजारी सिस्टर फ्लोरांची वेणी घालून दिली. सिस्टर फ्लोरा सर्वांत मोठ्या. त्यांची आठवण गेली होती, पण मराठी गाणी तेवढी राहिली होती. त्या लीनाबाईंना "माई" म्हणू लागल्या. मला लीनाबाई आवडल्या होत्या, हे सांगितलं पाहिजे.

विलीनीकरणाचा मसुदा इंग्रजीत होता. दोघी-तिघींना ते इंग्रजी जड जाई, म्हणून मदरनी मला जेवणघरात बोलावून तो मराठीत वाचून दाखवायला सांगितला. मी दाराजवळ बसून वाचला. मग त्यांच्या रीतीप्रमाणे एकेकीने बोलायचं होतं, आणि बोलताना क्रम उलटा असतो. लहान आधी बोलते, म्हणजे मोठ्यांचं ऐकून तिने मत बदलू नये.

सिस्टर मोनिका उभ्या राहिल्या. "साडी बदला, नाव बदला, प्रार्थनेचं पुस्तक बदला. मला चालेल. फक्त आपण आठजणी एकत्र. याच घरात."

पुढचीने तेच सांगितलं. तिच्या पुढचीनेही. एकीने विचारलं, "जागा कमी पडली तर? मी मोनिकाबरोबर एका खोलीत राहीन. ती घोरते, ते मी सहन करीन."

"मी घोरत नाही," सिस्टर मोनिका म्हणाल्या.

"झोपलेल्या माणसाची साक्ष धरत नाहीत," मदर म्हणाल्या आणि सगळ्या हसल्या. सिस्टर फ्लोरांची पाळी आली तेव्हा त्यांनी गाण्याची एक ओळ म्हटली.

लीनाबाईंनी मदरना शब्द दिला होता: तुम्ही याच घरात राहाल, शेवटपर्यंत. मी दुसऱ्या दिवशी संस्थेचं उत्तर टाइप करताना त्यात एक परिच्छेद घातला. आठही भगिनींना मांजरीच्याच घरात एकत्र ठेवावं, याच अटीवर ही संमती आहे, असा. मदरनी वाचलं, पेन घेतलं आणि तो परिच्छेद खोडला.

"मदर, हे असलंच पाहिजे."

"आज्ञापालनाचं व्रत घेतलंय आम्ही. सांगतील तिथे जायचं. वयाच्या विसाव्या वर्षी अट घातली नाही, आणि आता म्हातारपणी घालू?"

"पण त्यांनी शब्द दिलाच आहे, तर लिहायला काय हरकत आहे?"

"शब्द दिलाय म्हणूनच. धर्मभगिनीने शब्द दिल्यावर तिच्याकडे कागद मागायचा? तात्या आणि बिल्डर तसं करतात."

"इतर सिस्टरांना विचारा तरी."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "हो म्हणायचं तर पूर्ण म्हणायचं, लोखंडे. अर्धं हो म्हणायला मला कोणी शिकवलं नाही. नवीन प्रत काढा."

मी नवीन प्रत काढली.

मतदान गुप्त झालं. सगळी मतं बाजूने पडली. रोमची परवानगी आली. विलीनीकरणाच्या मिस्साला, म्हणजे चर्चच्या प्रार्थनाविधीला, आठजणी राखाडी साड्यांत चॅपलमध्ये गेल्या आणि नव्या संस्थेच्या फिक्या पिवळ्या साड्यांत बाहेर आल्या. सिस्टर मोनिकांना पदर नीट घेता येईना, तो नवा कडक होता. मदर आता पुन्हा सिस्टर युलालिया झाल्या. रफीकभाईंनी त्यांना मार्केट यार्डात त्या साडीत पाहिलं आणि क्षणभर ओळखलंच नाही.

पहिलं वर्ष चांगलं गेलं. मग लीनाबाईंची मुदत संपली. त्या संस्थेत मुदत संपली की प्रमुख साधी सिस्टर होते आणि सांगतील तिथे जाते. त्यांना आफ्रिकेत पाठवलं. नवीन प्रॉव्हिन्शियल आल्या. त्याही वाईट नव्हत्या. त्यांना मांजरीचं घर तरुण सिस्टरांच्या प्रशिक्षणासाठी हवं होतं. शिवाय त्यांच्याकडची पद्धतच अशी होती की प्रत्येक घरात थोड्या तरुण, थोड्या म्हाताऱ्या, वेगवेगळ्या भाषांच्या. जुन्या संस्थेच्या सगळ्या एकाच घरात राहिल्या तर ते विलीनीकरण कसलं, असं त्या म्हणाल्या. सूचनाफलकावर बदल्यांचा कागद लागला. आठजणी, आठ घरं. कर्नाटक, तेलंगण, केरळ, आणखी कुठे कुठे. सिस्टर फ्लोरांना कर्नाटकात किनाऱ्याजवळच्या वृद्ध भगिनींच्या दवाखान्यात.

मदरनी नव्या प्रॉव्हिन्शियलना भेटून दिलेल्या शब्दाची आठवण करून दिली. त्यांनी अदबीने विचारलं, "कुठे लिहिलंय, सिस्टर?" मदरनी आफ्रिकेत फोन लावला. लीनाबाई फोनवर रडल्या. म्हणाल्या, मी म्हणाले होते, माझ्या मनातही तसंच होतं, पण करारात नाही आणि आता माझ्या हातात काही नाही.

त्या दिवशी दुपारी मदर कार्यालयात आल्या आणि माझ्या टेबलासमोर पालकांसाठी ठेवलेल्या खुर्चीत बसल्या. त्या खुर्चीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"तो परिच्छेद आहे का अजून?"

"कॉम्प्युटरमध्ये असेल."

"वाचा."

मी शोधून वाचला.

"चांगला लिहिला होता," त्या म्हणाल्या. "व्रत माझं होतं, लोखंडे. मी माझ्यापुरतं बिनशर्त हो म्हणायला हवं होतं. मोनिकाने उभं राहून काय हवं ते सांगितलं होतं. सगळ्यांनी सांगितलं होतं. फ्लोराला तर आपण कशाला हो म्हणतोय तेही कळत नव्हतं. मी माझ्या आज्ञापालनाची किंमत त्यांच्या म्हातारपणातून दिली."

मी म्हणालो, "तुम्हांला काय माहीत असं होईल."

"उगाच समजूत घालू नका. तुम्हांला माहीत होतं. तुम्ही टाइप करून आणलं होतंत."

एकेक गाडी येत गेली. मोठ्यांच्या आधी लहान गेली, कारण तिची रेल्वे आधी होती. सिस्टर फ्लोरांना गाडीत बसवताना त्यांना वाटलं सहलीला चाललोय, त्या सगळ्यांना "चला, चला" म्हणत होत्या. मदर खिडकीशी उभ्या राहून त्यांना "पुढे हो, आम्ही आलोच" म्हणाल्या. मी त्यांच्या तोंडून खोटं ऐकलं ते तेवढंच.

पुढे दोनेक वर्षांनी मी रजा काढून तेलंगणातल्या त्यांच्या घरी गेलो. मोठं रुग्णालय, मागे सिस्टरांचं घर. त्या खूप वाळल्या होत्या, वॉकर धरून चालत होत्या. तिथल्या मुली त्यांची चांगली काळजी घेत होत्या, हे मी पाहिलं. एकीने आम्हांला चहा आणून दिला आणि तेलुगूत काही विचारलं. मदरनी मान हलवली. मुलगी गेल्यावर म्हणाल्या, "काय विचारलं कोण जाणे. मी सगळ्यालाच हो म्हणते. अजून सवय गेली नाही."

मग म्हणाल्या, "बोला."

"काय बोलू, मदर?"

"काहीही. मराठीत बोला. शाळेचं सांगा, मुलींची भांडणं सांगा. इथे दिवसभर माझ्या कानावर आवाज पडतात, बोलणं पडत नाही."

मी सांगत राहिलो. शाळेचं नवं छत, बस-पास, करमाळ्याला वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, धायरीला घेतलेलं आमचं दोन खोल्यांचं घर. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मध्येच एका वाक्यात मी "ऍडमिशन" म्हणालो, तर डोळे न उघडता म्हणाल्या, "प्रवेश."

इतरजणींविषयी त्यांना काहीच कळत नव्हतं. संस्थेचं परिपत्रक महिन्याने येई, त्यात मृतांची नावं असत, आणि ते इंग्रजी बारीक अक्षर त्यांना आता दिसत नव्हतं. दुसऱ्या कोणाला वाचायला सांगायचं त्यांना जिवावर येई.

निघताना त्या वॉकर टेकत फाटकापर्यंत आल्या. मी नमस्काराला वाकलो तर म्हणाल्या, "पुरे. गाडी चुकेल." मी रस्ता ओलांडून मागे पाहिलं. त्या फाटकाचा गज धरून उभ्या होत्या आणि पहारेकरी त्यांना आत चला असं खुणेने सांगत होता. त्यांनी मोठ्याने हाक मारली, "लोखंडे, फ्लोराचं काही कळलं तर कळवा. आणि गोड करून लिहू नका."

ते शेवटचं पाहणं. त्यानंतर मी त्यांना एक पत्र पाठवलं. अक्षरं मोठी काढली होती.

आदरणीय मदर यांस,

सादर प्रणाम.

सिस्टर फ्लोरा गेल्या. शाळेत फोन आला तसा मी रात्रीच्या गाडीने निघालो आणि मातीच्या वेळेला पोहोचलो. गोड करून लिहू नका म्हणालात, म्हणून जसं झालं तसं लिहितो.

दवाखान्यातली मुलगी म्हणाली की त्यांनी गाणं आधीच सोडलं होतं, आणि शेवटचे काही महिने त्या बोललेल्याच नव्हत्या. त्यांना त्रास झाला नाही असंही ती म्हणाली. ते खरं की मला बरं वाटावं म्हणून, हे मला ठरवता आलं नाही. अंगावर नीट धुतलेली साडी होती. खोली स्वच्छ होती.

तुमच्यापैकी कोणी होतं का, असं तुम्ही विचाराल. कोणी नव्हतं. मी तिथून सिस्टर मोनिकांना फोन लावला, त्यांना तोवर कळलेलं नव्हतं.

फादरांनी प्रार्थना कन्नडमध्ये केली. मग कोणाला काही म्हणायचं आहे का, असं विचारलं. मी ख्रिस्ती नाही. पण शाळेच्या परिपाठाला इतकी वर्षं उभा राहिलो आहे, म्हणून "स्वर्गातील बापा" ही प्रार्थना मराठीत म्हटली. मध्ये एक ओळ राहून गेली. चूक झाली असेल तर माफ करावं. त्यांना मराठी ऐकू जावं एवढंच मनात होतं.

त्यांना मांजरीच्या दफनभूमीत तुमच्या आधीच्या सिस्टरांशेजारी आणता येईल का, हे मी प्रॉव्हिन्शियलच्या कार्यालयात विचारलं. ज्या घरात मृत्यू तिथेच माती, अशी पद्धत आहे असं उत्तर मिळालं. सगळ्यांसाठी तेच आहे का, असंही विचारलं. हो म्हणाले.

आता तुम्ही सातजणी सात गावांत आहात. सगळ्यांचे पत्ते मी मिळवले आहेत. ज्यांची वेळ येईल त्यांच्याकडे मी जाईन. मला कोणी वेळेवर कळवलं तर जाईन. ते माझ्या हातात नाही, म्हणून शब्द देत नाही.

आपला,
लोखंडे